१० इंची सबवूफरला सीलबंद खोका किती लिटरचा करावा?

स्विफ्टच्या डिकीसाठी १० इंची सबवूफर घेतलाय, रत्नागिरीतला सुतार "दीड फुटी खोका करून देतो" म्हणतोय, चालेल का, असं विचारलंत. इंचावरून खोका ठरत नाही हो. दोन्ही १० इंचीच, पण एकाला १५ लिटर पुरतात आणि दुसरा ३५ मागतो. स्पीकरच्या कागदावर तीन आकडे शोधा: एफएस (Fs, मोकळ्या हवेत स्पीकर ज्या कंपनसंख्येला सर्वात सहज हलतो तो अनुनाद), क्यूटीएस (Qts, त्या अनुनादाला स्पीकर स्वतः किती आवर घालतो; आकडा कमी तर आवर जास्त) आणि व्हीएएस (Vas, स्पीकरच्या लवचिकतेइतकी लवचिक हवा किती लिटर).

आधी खोक्यात बसल्यावरचा हाच आवराचा आकडा, म्हणजे क्यूटीसी (Qtc), किती हवा ते ठरवा. ०.७०७ ला बेस सपाट, म्हणजे कुठे फुगवटा न येता मिळतो. त्याला क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, १ वजा करा. उरेल त्याने व्हीएएसला भागलं की लिटर आले. समजा व्हीएएस ५० लिटर, क्यूटीएस ०.४५, एफएस ३० हर्ट्झ. खोका येतो ३४ लिटरचा, अनुनाद ४७ हर्ट्झवर. तोच स्पीकर २० लिटरमध्ये कोंबलात तर क्यूटीसी ०.८४ आणि अनुनाद ५६. १२ लिटरमध्ये क्यूटीसी १ च्या पुढे, मग नुसती ढमढम. भजनातल्या पखवाजाची थाप सुटी ऐकायची असेल तर ०.७ च्या आसपासच राहा. डिकीत जागाच नसेल तर ०.८५ पर्यंत मी खुशाल जातो, कारण बंद गाडीत अगदी खालचा बेस आपोआप थोडा उचलला जातो. क्यूटीएसच ०.७ च्या वर असेल तर मात्र कितीही मोठा खोका केलात तरी ०.७०७ गाठता येणार नाही.

आता सुताराकडे. ३४ लिटर ही आतली हवा. स्पीकरचं चुंबक आणि आतल्या आधारपट्ट्या मिळून साधारण २ लिटर धरले, तर आतलं माप ४५ × ३२ × २५ सेंटिमीटर, म्हणजे ३६ लिटर. हेच माप त्याने बाहेरून धरलं की १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायमध्ये आत उरतात जेमतेम २५. म्हणून कागदावर "आतून" असं ठळक लिहून द्या. कमी पडलंच तर आत पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरा, स्पीकरला खोका थोडा मोठा भासतो.

सुतार फणसाची फळी सुचवेल. दिसायला झकास, पण पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सांधे उघडतात. हवा गळली की सीलबंदपणा संपला. एमडीएफला (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीला) आपल्याकडची जुलैतली ओल सोसत नाही. आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन, म्हणजे पाणी सोसणारा प्लाय घ्या, आतून सांध्यांना सिलिकॉन, स्क्रू स्टेनलेसचे. काम झालं की स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, दोन्ही हातांनी हळूच दाबून सोडा. सावकाश परत आला तर खोका घट्ट, फटकन आला तर कुठेतरी गळती आहे.

आणि खोका डिकीत पट्ट्याने बांधा, नाहीतर घाटातल्या वळणावर तो सुटून मागच्या सीटवर आदळतो.