खानापूरच्या ताई, पांढरी लोकर आत्ता मागवू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बेळगावच्या वडगावातल्या माझ्या खोलीतला २०२४चा जानेवारी डोळ्यांपुढे उभा राहिला. तुम्ही लिहिलंय की गेल्या थंडीत 'यंदाचा रंग' म्हणून कॉफी रंगाचे तीस मफलर विणले, त्यातले एकवीस अजून ट्रंकेत आहेत. आता पँटोनने (दर डिसेंबरात येणाऱ्या वर्षाचा एक रंग जाहीर करणारी अमेरिकन कंपनी) २०२६ साठी पांढरा जाहीर केलाय, तर पन्नास टोप्या-मफलरांची लोकर ऑनलाइन मागवू का, असं विचारलंय. माझं उत्तर: नका मागवू. निदान या थंडीत तरी नका.

विणकामाचं मी काही सांगत नाही. ज्या बाईने तीस मफलर विणले तिला सुईचे नंबर काय शिकवायचे? माझा पैसा कुठे बुडाला तेवढं सांगते.

२०२३ साठी पँटोनने 'विवा मजेंटा' जाहीर केला होता. आपल्या डाळिंबी आणि राणीच्या मधला म्हणा. त्या रंगाच्या टोप्या माझ्याकडे आधीपासूनच होत्या, पटापट गेल्या. मला वाटलं, जाहीर झालेला रंग खपतोच. खरं कारण वेगळं होतं. आपल्याकडच्या बायका तो रंग पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेत आल्यात. पण हे तेव्हा लक्षात आलं नाही, आणि डिसेंबरात २०२४ साठी 'पीच फझ' जाहीर झाल्याबरोबर सहा किलो लोकर मोबाइलवरचा फोटो बघून मागवली. फिकट अबोलीसारखा रंग. फोटोत फार गोड दिसत होता.

पहिलं पार्सल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आलं, दुसरं संक्रांत झाल्यावर. मी आणि गल्लीतल्या दोघी रात्री जेवणं आटोपून बसायचो, बल्बच्या पिवळ्या उजेडात. एका पार्सलातला गुंडा संपला की दुसऱ्यातला जोडायचा. रंग एकच दिसत होता. अकरा मफलर झाल्यावर एका सकाळी ते गच्चीवर उन्हात टाकले. प्रत्येक मफलरावर, कुठे छातीशी तर कुठे टोकाला, आडवी रेघ. रेघेच्या वर गुलबट, खाली पिवळट. हात फिरवून पाहिला, लोकर तीच, टाके तेच. शेजारच्या काकू मागावर साड्या विणणाऱ्या घरातल्या. त्यांनी एक मफलर उचलला आणि म्हणाल्या, "दोन घाण्यांच्या पुऱ्या एकाच रंगाच्या होतात काय गं?"

नेमकं तेच झालं होतं. लोकर घाण्याघाण्याने रंगवतात आणि प्रत्येक घाण्याचा नंबर गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर छापलेला असतो. रंगाचा नंबर वेगळा, लॉटचा म्हणजे घाण्याचा नंबर वेगळा. मी रंगाचा नंबर जुळवला आणि लॉटचा बघितलाच नाही. अकरा मफलर उसवले. सगळं नीट तयार व्हायला फेब्रुवारीचा तिसरा आठवडा उजाडला. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात. त्या वर्षी शिवरात्र ८ मार्चला होती, पण दुपारी पंखे त्याच्या आधीच सुरू झाले होते.

त्यात आणखी एका ऑफिसची भर. नाव घेत नाही. प्रदर्शनात स्टॉल मिळावा म्हणून नोव्हेंबरात अर्ज केला होता. आधी सांगितलं, कानडीत भरून आणा. वरच्या मजल्यावरच्या कानडी वहिनींनी पोटच्या पोरीसारखं बसवून भरून दिला. मग कारागिराचं कार्ड मागितलं, ते दिलं. मग फोटो मोठा झाला, मग सही करणारे साहेब रजेवर. सहा फेऱ्या, प्रत्येक वेळी अर्धा दिवस आणि रिक्षाचे पैसे. कुणी एकदाच सगळी कागदं सांगितली असती तर? स्टॉल मिळाला तो मार्चच्या शेवटी, लोकरीच्या मालाला! अजून आठवलं की जीव तळमळतो. असा अर्ज करणार असाल तर जो कागद द्याल त्याच्या झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या, आणि त्या स्टॉलच्या भरवशावर लोकर भरू नका.

तर रंगाचं. डिसेंबरात जाहीर होतो तो रंग येणाऱ्या अख्ख्या वर्षाचा असतो, आपल्या चालू थंडीचा नसतो. परदेशातल्या मोठ्या फॅशन वीकमध्ये पुढच्या थंडीचे कपडे फेब्रुवारी-मार्चमध्येच दाखवतात. बघायचंच असेल तर तेव्हा बघा, गणपतीच्या आसपास लोकर घ्या, दिवाळीपर्यंत माल तयार ठेवा. आपली विक्री तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत. डिसेंबरात लोकर घेणारी बाई चुकीच्या वेळी घेते, रंग कितीही बरोबर असो.

आणि पांढरा तर आपल्याकडे मला अजिबात पटत नाही. (हे माझ्या गिऱ्हाइकांपुरतं. पुण्या-बेंगळुरूला ऑनलाइन विकत असाल तर कदाचित चालेल.) खानापूरची तांबडी धूळ तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी स्कूटरवरून बेळगावला पोचेपर्यंत पांढऱ्या मफलराची कड विटकरी होते. तुमच्या कॉफी रंगाचं दुखणं माझ्या अबोलीसारखंच असावं असं मला वाटतं. गव्हाळ, सावळ्या चेहऱ्याला लागून चेहऱ्याच्याच जवळपासचा रंग आला की चेहरा उठत नाही. मी कपाटाच्या आरशासमोर अबोली मफलर गळ्याशी धरला तर तापातून उठल्यासारखी दिसले. तोच काढून अंजिरी धरला, डोळे लगेच उजळ दिसले. हा प्रयोग विणायच्या आधी एका गुंड्यावर करायचा असतो. मी सहा किलोवर केला.

माझ्याकडे दरवर्षी हमखास जातात ते रंग: डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी, शेवाळी, हळदी. म्हाताऱ्या आजींना इरकलवर शाल हवी असते, तिथे लुगड्याच्या अंगाचा रंग धरू नका, काठातला धरा. मोरपंखी अंग आणि लाल काठ असेल तर लाल शाल. सगळं मोरपंखी झालं की काठच मरतो. संक्रांतीच्या आधीचे दहा दिवस काळा. बोरन्हाणाच्या बाळांसाठी काळी क्रोशाची टोपी, कडेला पांढऱ्या दाण्यांसारखी नक्षी. तुमचा पांढरा तिथे वापरा, तेवढाच.

नवीन रंग घ्यायचा मोह होतो, मलाही होतो. मग तो तीन-चार ओळींच्या पट्ट्यात घ्या, अंग ओळखीच्या रंगाचं ठेवा. दोन रंग एकमेकांत उठतात की नाही बघायला दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही एकसारखे राखाडी दिसले तर पट्टा लांबून दिसणार नाही. डाळिंबी आणि गडद हिरवा हाताशी वेगळे वाटतात, फोटोत एक होतात. आणि दुकानात घेत असाल तर गुंडा पायरीवर उन्हात आणून बघा. दुकानदार कुरकुरला तरी बघा.

जाडीबद्दलही एक. पहाटे आपल्याकडे १३-१४ अंश, दुपारी २८-२९. दुपारी मफलर पिशवीतच जाणार, म्हणून पातळ विणा. स्कूटरवाल्या मुलींना तर लांब मफलर मी देतच नाही, चाकात अडकायची भीती असते. त्यांना गळ्याभोवती बसणारा गोल पट्टा द्या, हेल्मेटखालीही बसतो. फोटो सकाळी खिडकीशी काढा, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे रंग किती बदलून आलाय ते कळतं. ॲक्रिलिकवर, म्हणजे कृत्रिम लोकरीवर, इस्त्री मात्र कधीच फिरवू नका. एकदा लोळागोळा झालं की ते परत उठत नाही.

आता तुमचे एकवीस. सगळे उसवू नका. माझ्या अबोलीचे न खपलेले चौदा मी उसवले, लडी करून कोमट पाण्यात बुडवल्या, खाली वजन टांगून वाळवल्या आणि पुढच्या थंडीत अंजिरी टोप्यांच्या कडांना लावल्या. त्या सगळ्या गेल्या. तुमच्या कॉफीला हळदी किंवा मोरपंखी कड दोन्ही टोकांना जोडून आधी दोनच करून बघा, पोत बघा, कुणाच्या तरी गळ्यात घालून बघा. दोन लॉट निघाले तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या असं आळीपाळीने विणा, फरक त्यात मुरून जातो. गुंड्यांच्या पट्ट्या टाकून दिल्या नसतील तर त्यांचा फोटो इथे टाका, लॉट एकच आहे का ते मी बघून सांगते.