आडतीपासून डेअरीपर्यंत: एसक्यूलाइटच्या अडचणी

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत, म्हणून सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी बसून दुकानांसाठी, डेअरीसाठी, संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिणारी बरीच मुलं एसक्यूलाइट हा छोटेखानी डेटाबेस वापरतात, आणि ते योग्यच आहे. वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो आणि लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅममध्येच बसते. पण देखरेखीला सर्व्हर नसल्यामुळे त्याची बरीचशी कामं प्रोग्रॅमरच्या अंगावर येतात. खालच्या जवळपास सगळ्या अडचणी तिथूनच निघाल्या आहेत. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

आडत दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत. डेटाबेसची फाइल मुनीमजींच्या मशीनवर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहे. सोयाबीनची आवक वाढली की पट्ट्या करताना सारखं ‘डेटाबेस इज लॉक्ड’ यायलंय. टाइमआउट वाढवला, तरी अधूनमधून लगेच एरर येतो. – लातूर

तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. आधी मोठा बघू. शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल तीन मशीनवरून उघडायची, ही रचनाच बदला. एसक्यूलाइट सगळा भरवसा फाइल-लॉकवर ठेवतं आणि नेटवर्कवरच्या फाइलवर ते लॉक नीट पाळले जातील याची खात्री नसते. आज एरर येतोय. उद्या एरर न येता दोन मशीन एकाच वेळी लिहून फाइल खराब करतील, आणि ते जास्त वाईट. वाल मोड (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) चालू करूनही हे सुटणार नाही. वालला सगळ्या प्रोसेसमध्ये सामाईक मेमरी लागते, त्यामुळे तो एकाच मशीनवर चालतो. मुनीमजींच्या मशीनवर एक छोटा एचटीटीपी प्रोग्रॅम ठेवा. फाइल फक्त तोच उघडेल आणि बाकीची दोन मशीन त्याच्याकडे मागणी पाठवतील. तेवढं करायचं नसेल तर पोस्टग्रेसक्यूएल हा सर्व्हरवाला डेटाबेस घ्या. त्यात कमीपणा काही नाही, कामच तसं आहे.

आता ‘लगेच एरर’. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. दुसऱ्याने किती थांबायचं ते बिझी टाइमआउट ठरवतो. मूळ लायब्ररीत तो शून्य असतो, पायथनच्या मॉड्यूलमध्ये पाच सेकंद. मात्र एका ठिकाणी टाइमआउट पाळलाच जात नाही, आणि तुमचा कोड नेमका तिथेच अडकत असणार. ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणारं किंवा एकत्र रद्द होणारं काम) साध्या ‘बिगिन’ने सुरू होतं, आधी शेवटचा पट्टी क्रमांक वाचला जातो, त्यात एक मिळवून नवी पट्टी लिहायला जाता. वाचन आणि लेखन यांच्या मध्ये दुसऱ्या कनेक्शनने काही लिहिलं असेल, तर तुम्ही वाचलेला क्रमांक शिळा झालेला असतो. मग कितीही थांबलं तरी उपयोग नसतो, म्हणून एसक्यूलाइट वाट न पाहता ‘बिझी’ परत करतं. उपाय सोपा आहे: लिहायचंच आहे हे आधीपासून माहीत असेल तर ‘बिगिन इमिजिएट’ने सुरुवात करा. लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच घेतला जातो आणि थांबणं झालंच तर तिथे होतं, टाइमआउट पाळून.

आणखी एक तपासा. पट्टीची खिडकी उघडताच ट्रान्झॅक्शन सुरू आणि ‘सेव्ह’ दाबल्यावर कमिट (म्हणजे बदल पक्के), असा कोड मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. शेतकऱ्याशी वजनावरून बोलणं चालू असतं, हमाली-तोलाईचा आकडा विचारला जातो, आणि तेवढा वेळ सगळं दुकान लॉक. माणसाकडून माहिती येत असताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका. सगळे आकडे हातात आले की उघडा, लिहा, कमिट करा. काम काही मिलिसेकंदांचं आहे.

दूध संकलन केंद्राचा प्रोग्रॅम आहे. पहाटेच्या काही नोंदी आदल्या दिवशीच्या तारखेत जायल्यात. शिवाय दोन-तीन सभासदांचं महिन्याचं लिटर कमी भरतंय, पण नोंदी तर सगळ्या दिसतात. – भूम

तारखेचं कारण पक्कं आहे. ‘डेट नाऊ’ आणि ‘करंट टाइमस्टॅम्प’ ही दोन्ही ग्रिनिचची वेळ देतात. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे सकाळी साडेपाचच्या आत घातलेलं दूध काल घातल्यासारखं दिसतं. तारीख घेताना ‘लोकलटाइम’ हा शब्द जोडा. मशीनच्या टाइमझोनवर विश्वास नसेल तर ३३० मिनिटं मिळवा. जुन्या नोंदीही दुरुस्त करता येतील. नोंदीचा आयडी वाढत जातो ना? मग ज्या तारखेला संध्याकाळच्या पाळीच्या नोंदींनंतर पुन्हा ‘सकाळ’ पाळीच्या नोंदी आल्या आहेत, त्या दुसऱ्या दिवशीच्या. मात्र त्यांची यादी काढून रजिस्टरशी ताडून बघा आणि मगच अपडेट चालवा.

लिटरची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिथे कुणाचे तरी पैसे बुडतात. माझा अंदाज असा: नोंद करणाऱ्याचा कीबोर्ड मधूनच मराठीवर राहिला आणि लिटर देवनागरी अंकांत टाइप झालं. कॉलम ‘रिअल’ म्हणून जाहीर केलेला असला तरी एसक्यूलाइट देवनागरी ‘६.५’ला आकडा मानत नाही. आणि तक्रारही करत नाही. ती किंमत मजकूर म्हणून जशीच्या तशी ठेवतं. पडद्यावर नोंद व्यवस्थित दिसते. पण ‘सम’ काढताना त्या मजकुराची किंमत शून्य धरली जाते. सरासरीतही तसंच. ‘टाइपऑफ’ हे फंक्शन त्या कॉलमवर चालवा आणि जिथे ‘टेक्स्ट’ येईल त्या ओळी वेगळ्या काढा. माझा अंदाज बरोबर असेल तर त्या सभासदांच्या नोंदी तिथे सापडतील.

पुढे असं होऊ नये म्हणून टेबल ‘स्ट्रिक्ट’ करा. आवृत्ती ३.३७ पासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीपासून, ही सोय आहे. कॉलमच्या प्रकारात न बसणारी किंमत आली की सरळ एरर येतो. चालू टेबल जागेवर स्ट्रिक्ट होत नाही. नवं टेबल करून डेटा त्यात ओतावा लागतो. आणि प्रोग्रॅममध्ये देवनागरी अंक स्वीकारून आतल्या आत बदलून घ्या. मराठीत टाइप करणाऱ्याला चूक ठरवू नका.

हळदीच्या आवकेची जुनी सीएसव्ही भरतोय. चाळीस हजार ओळींना तासाच्या वर लागायलाय. – वसमत

प्रत्येक इन्सर्ट वेगळं कमिट होत आहे. एका कमिटला डेटा खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबावं लागतं आणि फिरत्या हार्डडिस्कवर अशी सेकंदाला काही डझन कमिटच होतात. सगळ्या ओळी एका ‘बिगिन’–‘कमिट’मध्ये घाला, साध्या मशीनवरही सेकंदाला हजारोंनी ओळी जातील. ‘सिंक्रोनस ऑफ’ करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो घेऊ नका; शेवटच्या पत्रात त्याचं कारण येईल.

जिल्ह्यांचं टेबल आणि शाळांचं टेबल जोडलेलं आहे, जोडणी जिल्ह्याच्या नावावर. नाव बदलून धाराशिव केलं, पण शाळांच्या टेबलात उस्मानाबादच राहिलं. ‘ऑन अपडेट कॅस्केड’ तर लिहिलं होतं. – धाराशिव

लिहिलं होतं, पण ते चालू नव्हतं. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की (एका टेबलाची दुसऱ्या टेबलाशी जोडणी) जाहीर करता येते, तरी ती पाळायची की नाही हे वेगळं सांगावं लागतं, आणि मुळात ती बंद असते. जुन्या प्रोग्रॅमना धक्का लागू नये म्हणून ते तसं ठेवलं आहे. ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज ऑन’ ही ओळ प्रत्येक कनेक्शन उघडल्याबरोबर चालवा. एकदा चालवून फाइलमध्ये कायमची बसत नाही, आणि ट्रान्झॅक्शनच्या मध्ये चालवली तर काहीच परिणाम होत नाही, एररही येत नाही. मग ‘प्रॅग्मा फॉरेन_की_चेक’ चालवा. पोरक्या राहिलेल्या सगळ्या ओळी मिळतील.

पण खरं दुखणं नावावर जोडणी करण्यात आहे. २०२३ मध्ये आपल्याच विभागातल्या दोन जिल्ह्यांची नावं बदलली. नाव हे माणसांसाठी आहे, ते बदलू शकतं. जोडणी कोडवर करा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला आणि तालुक्याला कोड आहे. जुनी नावं वेगळ्या टेबलात जपून ठेवा, कारण जुने दाखले शोधणारा माणूस उस्मानाबाद असंच टाइप करणार.

ग्रंथालयाच्या सभासदांची यादी मराठीत आहे. एफटीएस५ (एसक्यूलाइटची मजकूर-शोधाची सोय) वापरून ‘काळे’ शोधलं तर ‘कोळी’ पण येतात. आणि यादी लावली की ‘काळे’ ‘काशीद’च्या आधी येतात. – नांदेड

इतकं नेमकं पत्र आल्याचा आनंद झाला. मराठीत शोध देणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते आणि बहुतेक जण ‘मराठीला सपोर्ट नाही’ म्हणून सोडून देतात. तसं अजिबात नाही.

एफटीएस५ मजकुराचे शब्द पाडतं ते युनिकोडमधल्या वर्गांवरून. मूळ नियमात अक्षरं आणि अंक एवढेच शब्दाचा भाग मानले जातात. आपल्या काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पायमोडी या खुणा युनिकोडमध्ये वेगळ्या वर्गांत आहेत. त्यामुळे प्रत्येक खूण शब्द तोडणारी ठरते. ‘काळे’चे राहतात ‘क’ आणि ‘ळ’. ‘कोळी’चेही ‘क’ आणि ‘ळ’. मशीनच्या लेखी दोन्ही आडनावं एकच झाली. टेबल तयार करताना टोकनायझर म्हणून ‘युनिकोड६१’ देऊन त्यापुढे ‘कॅटेगरीज’ हा पर्याय लिहा. त्यात मूळचे ‘एल तारा’, ‘एन तारा’ (तारा म्हणजे * हे चिन्ह) आणि ‘सीओ’ ठेवून ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे खुणांचे दोन वर्ग जोडा. टेबल नव्याने भरा. काळे आणि कोळी वेगळे होतील.

पुढचा थर टायपिंगचा आहे. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध टाइप करता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखी, पण बाइट वेगळे. ‘कऱ्हाडे’तला अर्धा ‘र’ही दोन तऱ्हांनी येतो: खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून किंवा साध्या ‘र’नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या जोड्या एक करत नाही. म्हणून नावाच्या कॉलमशेजारी एक ‘शोधनाव’ कॉलम ठेवा. त्यात अशा जोड्या एकरूप करा, न दिसणारी चिन्हं काढून टाका, दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करा. शोधायचा शब्दही त्याच फंक्शनमधून घाला. त्यामुळे तारा लावून ‘लातूर’ शोधणाऱ्याला ‘लातुरात’ही मिळेल. सभासदाला दाखवायचं ते मूळ नावच.

क्रमाचं कारण वेगळं. एसक्यूलाइट बाइटच्या क्रमाने लावतं आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. स्वतःचं कोलेशन (क्रम लावायचा नियम) नोंदवता येतं, पायथनमध्ये ‘क्रिएट_कोलेशन’ने. पण त्यावर इंडेक्स बांधला तर ती फाइल हाताळणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला ते कोलेशन द्यावं लागेल. नाहीतर ‘नो सच कोलेशन’ येईल. मी स्वतः क्रमासाठीही वेगळा कॉलम ठेवतो, ज्यात ‘ळ’च्या जागी ‘ह’नंतर येईल असं चिन्ह भरलेलं असतं. फाइल कुणीही उघडली तरी क्रम तोच.

विकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूलाइट घातलं तर लायसन्स लागतं का? – जालना

नाही. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं हे काम सार्वजनिक मालकीचं आहे. विका, बदला, कुणाला विचारावं लागत नाही. २०५० पर्यंत ते सांभाळायचा त्यांच्या चमूचा जाहीर इरादा आहे.

ऊसतोड मजुरांच्या उचलीचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम मुकादमांना दिलाय. लाइट गेल्यावर एकाच्या मशीनवर ‘डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ आलं. फोल्डरमध्ये मागे ‘जर्नल’ नावाची फाइल पडली होती, ती कचरा समजून त्याने डिलीट केली. – गेवराई

ती फाइल कचरा नव्हती. डेटाबेस वाचवायला तीच ठेवलेली होती. लिहिण्यापूर्वी एसक्यूलाइट पानांचा जुना मजकूर जर्नलमध्ये उतरवून घेतं. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी फाइल उघडताना तो मजकूर परत जागेवर ठेवला जातो, आपोआप. जर्नल गेली की अर्धवट लिहिलेली पानं तशीच राहतात.

त्या मशीनवर प्रोग्रॅम आत्ताच बंद करायला सांगा. आहे त्या फाइलची प्रत काढून पेन ड्राइव्हवर घ्या आणि पुढचं सगळं प्रतींवरच करा. रिसायकल बिनमध्ये जर्नल मिळाली, आणि नंतर डेटाबेसमध्ये काही लिहिलेलं नसेल, तर ती मूळ नावानेच प्रतीशेजारी ठेवून प्रत उघडा. एवढ्यावरही काम होऊ शकतं. नाही झालं तर ‘इंटिग्रिटी_चेक’ चालवा. बिघाड फक्त इंडेक्समध्ये असेल तर ‘रीइंडेक्स’ पुरतं. टेबलातच असेल तर कमांड लाइनचं ‘डॉट रिकव्हर’ वापरून निघेल तेवढं नव्या फाइलमध्ये काढा. कुठल्या टेबलातल्या ते कळलं नाही अशा ओळी ‘लॉस्ट अँड फाउंड’ टेबलात येतात, त्याही वाचा. निघालेली प्रत्येक उचल वहीशी जुळवा आणि जिथे जुळत नाही तिथे मुकादम आणि कोयता (ऊस तोडणारं जोडपं) दोघांना समोर बसवूनच आकडा ठरवा. प्रोग्रॅम सांगतो म्हणून मजुराच्या नावावर एक रुपयाही चढवू नका.

‘सिंक्रोनस’ कुठे ‘ऑफ’ केलंय का ते कोडमध्ये शोधा. ऑफ असेल तर डेटा डिस्कवर उतरल्याची वाट पाहिलीच जात नाही आणि वीज गेली की जर्नल असूनही फाइल मोडू शकते. ‘फुल’ ठेवा. या प्रोग्रॅमला वेग कमी पडणार नाही, दिवसाला नोंदी तरी किती होतात?

बॅकअप म्हणून चालू प्रोग्रॅममधली फाइल कॉपी-पेस्ट करणंही बंद करा. अर्धं लिहिणं चालू असताना घेतलेली प्रत मोडकी निघते, आणि वाल मोड असेल तर कमिट झालेल्या ताज्या नोंदी शेजारच्या वाल फाइलमध्येच राहून जातात. प्रोग्रॅममध्येच एक बटण द्या. त्यामागे ‘व्हॅक्यूम इनटू’ वापरा. आवृत्ती ३.२७ पासून ते आहे आणि चालू डेटाबेसची सुसंगत प्रत काढतं. प्रत निघाली की बटणानेच ती उघडून ‘इंटिग्रिटी_चेक’ चालवावं आणि ‘ओके’ आल्यावरच मुकादमाला ‘बॅकअप झाला’ असं दाखवावं.