हांगुल म्हणजे भाषा की लिपी?

कोरियन सिरियल बघून बरेच जण 'मी हांगुल शिकतोय' म्हणतात, तर हांगुल म्हणजे कोरियन भाषाच का आणि या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न आहे.

हांगुल हे फक्त लिपीचं नाव. भाषेला दक्षिण कोरियात हांगुगॉ म्हणतात, म्हणजे मराठी आणि देवनागरी यांच्यात जो फरक तोच. 'गुल' म्हणजे लिखाण, अक्षरं, आणि 'हान' म्हणजे थोर किंवा कोरियाचं, दोन्ही अर्थ लावतात. त्या गुलमधला उ ओठांचा चंबू न करता ओठ पसरट ठेवून म्हणायचा.

पण लिपी जुनी आणि हे नाव अगदी अलीकडचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जू शी-ग्यॉंग या भाषा अभ्यासकाच्या काळात रुजलेलं. राजा सेजोंगने १४४३ साली लिपी तयार केली, १४४६ ला जाहीर केली, तेव्हा तिचं नाव होतं हुनमिनजॉंगउम, लोकांना शिकवायचे योग्य ध्वनी. मला हे मूळ नावच जास्त आवडतं कारण त्यातला 'ध्वनी' शब्दशः खरा आहे. आपली वर्णमाला क-वर्ग, त-वर्ग अशी तोंडातल्या जागेप्रमाणे लावलेली आहे पण क आणि ख च्या आकारांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, हांगुलमध्ये मात्र आकारच तोंडावरून घेतलाय, क/ग चं अक्षर म्हणजे जिभेचं मूळ वर उचललेलं तसा काटकोन, न साठी जिभेचं टोक वर टेकलेलं, म म्हणजे तोंडाचा चौकोन, आणि ख हवा असेल तर त्याच काटकोनात एक रेघ वाढवायची! मग ही अक्षरं सुटी न लिहिता एकेका उच्चाराचा चौकोनी गठ्ठा करतात, 'हान' एक, 'गुल' दुसरा.

त्याआधी चिनी अक्षरांत लिहायचे, ती शिकण्यात वर्षं जायची, सामान्य माणसाला ते कुठलं परवडणार. तरी छ्वे मल्लीसारख्या दरबारी विद्वानांनी १४४४ मध्ये नव्या लिपीला कडाडून विरोध केला. नंतर तिला ऑनमुन म्हणजे गावठी लिखाण म्हणत, बायकांची अक्षरं म्हणूनही हिणवत, आणि सरकारी कागदांत मान मिळायला १८९४ साल उजाडलं. जपानी राजवटीत तर १९४२ ला कोरियन शब्दकोशाचं काम करणाऱ्यांना अटक झाली, म्हणून ही लिपी तिथे इतकी जिव्हाळ्याची आहे, ९ ऑक्टोबरला तिचा दिवस असतो, सुट्टी असते.

उत्तर कोरियात मात्र हांगुल म्हणत नाहीत, तिथे चोसॉनगुल, आणि तिचा दिवस १५ जानेवारी.