सही करायच्या आधी

बाळा,

तुझा मेसेज परवाच वाचला, उत्तर द्यायला उशीर झाला कारण दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं. एमएस झालं, लॅपची, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनांची, फेलोशिप झाली, आता पुण्याचं मोठं हॉस्पिटल की कराडला येऊन स्वतःचं नर्सिंग होम, असं विचारलंयस. मी इतकी वर्षं पंधरा खाटांचं चालवलं म्हणून मी 'स्वतःचंच काढ' म्हणेन असं तुला वाटत असेल, पण तसं नाहीये.

माझं ऑपरेशन थिएटर बंद झालं ते पेशंट नव्हते म्हणून नाही. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 बाळं आगीत गेली, त्यानंतर फायर ऑडिट कडक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण माझं हॉस्पिटल जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर, जिना एकच, दुसरा काढायला जागाच नाही. बाकी कागद तर होतेच, दर जानेवारी-जुलैला आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म, तीन वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू, बायोमेडिकल वेस्टचं वेगळं, सकाळी हर्निया करायचा आणि दुपारी टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या, क्वेरींना उत्तरं देत बसायचं. पंधरा खाटांना इन्शुरन्ससाठी वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही, दोनशे खाटांना परवडतं. सर्जन मोठ्या ठिकाणी जातायत ते नुसत्या पैशासाठी, असं जे बोलतात त्यांनी हे कधी केलेलं नसतं.

तर पुण्याला जा. पण करार नीट वाच.

पहिलं वर्ष मिनिमम गॅरंटी, म्हणजे ठरलेली किमान रक्कम, देतील, आकडा बघून घरचे खूश होतील. तू विचार की वर्षानंतर काय? पुढे फी फॉर सर्व्हिस, म्हणजे जेवढं काम तेवढे पैसे, झालं की महिन्याच्या मीटिंगमध्ये कन्व्हर्जन काढतात, म्हणजे ओपीडीत इतके आले त्यातले ऑपरेशनला किती गेले. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा असाच एका मोठ्या हॉस्पिटलात लागला. एक बाई हेल्थ चेकअपला आली होती, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पोटात कधी दुखलेलं नाही, काही नाही. अशा खड्यांना बहुतेक वेळा काही करावं लागत नाही हे तुला मी सांगायला नको. त्याने तिला समजावून घरी पाठवलं, आणि महिनाअखेरीला त्याला विचारलं, ही केस का सोडली? त्या रात्री साडेअकराला त्याने मला फोन केला, बराच वेळ बोलतच नव्हता. मला फार वाईट वाटलं गं. ऑपरेशन नको म्हणणं हा सर्जनचा निम्मा धंदा आहे आणि तेवढंच कुणाच्या एक्सेलमध्ये बसत नाही.

म्हणून इंटरव्ह्यूला स्पष्ट विचार, माझ्या केसचा निर्णय कोणाचा? हर्नियाला मेश, म्हणजे जाळी, कुठली वापरायची ते मी ठरवणार की परचेस डिपार्टमेंट? ऑपरेशननंतर रात्री तीनला पोट फुगलं तर कोण बघणार, आयसीयूचा ड्युटी डॉक्टर की मला फोन येणार? इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटने दावा केला तर लागणारा विमा, कोणाच्या नावावर? ते हॉस्पिटल भरत असलं तरी तुझी स्वतःची काढच. आणि सोडल्यावर दोन वर्षं त्याच शहरात प्रॅक्टिस नाही असं कलम असलं तर घाबरून जाऊ नकोस, नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी काँट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 27 खाली सहसा टिकत नाही, पण नोटिस पिरियड टिकतो, तो तीन महिन्यांच्या वर नको. सही करायच्या आधी वकिलाला दाखव.

छोट्या ठिकाणचं एक मात्र तिथे मिळणार नाही. एकदा रात्री अडकलेला हर्निया आला, शेतकरी माणूस, खिशात सातशे रुपये. भूलवाले डॉक्टर स्कूटरवर पायापाशी बॅग ठेवून आले, सिस्टरने निर्जंतुक सामानाचा ड्रम उघडला, आतडं काळपट दिसत होतं, गरम पाण्याच्या मॉपमध्ये गुंडाळून आम्ही सगळे नुसते बघत उभे, आणि हळूहळू ते गुलाबी झालं. बिलाचं म्हणाला, 'ऊस गेला की देतो'. फेब्रुवारीत येऊन दिले. असा माणूस मोठ्या ठिकाणी आधी डिपॉझिटच्या काउंटरवर अडकतो, तुला कळतही नाही की तो आला होता. तिथे गेलीस तर मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र, म्हणजे पेशंटला त्यात मदत करणारा माणूस, कुठे बसतो ते पहिल्याच दिवशी बघून ठेव.

आणखी एक वाट आहे. आपल्याकडे बऱ्याच गावांत पाच-सहा डॉक्टर मिळून हॉस्पिटल काढतात, फिजिशियन, ऑर्थो, गायनिक, भूलतज्ज्ञ, सर्जन. लिफ्ट, फायर, बिलिंग सगळ्यांत वाटलं जातं आणि निर्णय डॉक्टरांकडेच राहतो. भांडणं होतात ती हिशोबावरून, म्हणून पार्टनरशिप डीड पहिल्या दिवशी, मैत्री कितीही जुनी असू दे. तू तीन-चार वर्षं पुण्यात हात बसव, तोवर इथले दोघं-तिघं जागा बघतायत, त्यांच्याशी मी बोलून ठेवतो.

कराराचा ड्राफ्ट आला की मला पाठव. रविवारी मी घरीच असतो.

तुझा सर