स्लीव्ह सर्जरीनंतर पाळी महिन्यातून दोनदा येतेय, हे चालायचंच का?

ताई, तुमची स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवायला जठराचा मोठा भाग काढून टाकायची सर्जरी, होऊन चार महिने झालेत, आधी पीसीओडीमुळे (अंडाशयाच्या हार्मोनच्या बिघाडामुळे) पाळी तीन-तीन महिने यायची नाही, आणि आता पंधरवड्याला येते, अंगावरूनही खूप जातं. मी डॉक्टर नाही. गोव्यातल्या फोंड्याची आहे, मलाही पीसीओडी कॉलेजपासूनचा आणि सर्जरीही तुमच्यासारखीच झालेली, म्हणून लिहितेय.

पहिल्या काही महिन्यांत पाळी अशी वेडीवाकडी येणं बऱ्याच जणींना होतं. चरबी नुसती साठून राहत नाही, तिच्यातही इस्ट्रोजेन तयार होतं. वजन भराभर उतरलं की ते बदलतं, इन्सुलिन खाली येतं, अंडाशय पुन्हा कामाला लागतात, पण हे सगळं एकदम जुळून येत नाही. त्यात पाळी महिनोन्‌महिने चुकली असेल तर गर्भाशयाचं अस्तर जाड होऊन बसलेलं असतं, ते सुटायला लागलं की जास्त जातं. माझी गाडी वर्षाच्या आत रुळावर आली.

पण म्हणून अंगावर काढू नका. तासाला एक पॅड भिजतोय आणि असं दोन तास चाललंय, मोठ्या गाठी पडतायत, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. एवढं नसेल तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफीत अस्तर बघून घ्या, थायरॉइड तपासा आणि आधी गरोदरपणाची चाचणी करा.

हो, गरोदरपणाची. वर्षानुवर्षं 'आपल्याला कुठे दिवस राहतायत' असं ऐकलेल्या बायका इथेच फसतात. वजन थोडं उतरलं तरी बीज सुटायला लागतं, पाळी नियमित व्हायच्या आधीच. आणि सर्जरीनंतर निदान १२ ते १८ महिने दिवस राहू नयेत असं सांगतात, कारण तोवर वजन उतरत असतं आणि बाळाला पुरेल एवढं पोषण आपल्याच अंगात नसतं. गॅस्ट्रिक बायपास (वजनासाठीचीच दुसरी सर्जरी) झालेल्यांनी गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, त्या नीट शोषल्या जातील याची खात्री नसते. कॉपर-टी चालते, पण तिने रक्तस्राव वाढू शकतो. तुमचं ऐकून मी तरी हार्मोनवाल्या टीबद्दल विचारलं असतं, तिने रक्तस्राव बहुधा कमी होतो.

आता लोह. याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पोट लहान, आम्ल कमी, खाणं मूठभर आणि वरून दुप्पट रक्त जातंय. हिमोग्लोबिन बरं दिसतं तेव्हाही साठा संपलेला असू शकतो, म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी, मुद्दाम करायला सांगा. पाळी येणाऱ्या बाईला सर्जरीनंतर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं. तिसऱ्यांत (शिंपल्यांत) लोह भरपूर, पण आता वाटीभर तिसऱ्या खाणार कोण! गोळी हवीच. ती कॅल्शियमबरोबर घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या, आणि चहाबरोबर तर नाहीच. माझ्या दोन्ही डब्या एकसारख्या पांढऱ्या, म्हणून एकीवर स्केचपेनने सूर्य काढलाय, दुसरीवर चंद्र. सासूबाई हसतात, हसू देत.

पाळीत दुखतं म्हणून मेफ्टालची गोळी घेत असाल तर थांबवा आणि सर्जनना विचारा. त्या जातीच्या वेदनाशामकांनी पोटात अल्सर होऊ शकतो, बायपासवाल्यांना तर जास्तच. साधं पॅरासिटामॉल बरं. आणि चवथीला घरात गणपती म्हणून फार्मसीतून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर आणायची आपल्याकडची सवय या वर्षी तरी सोडा. त्या हार्मोनच्याच गोळ्या. सर्जरीनंतरच्या सुरुवातीच्या काळात रक्त गोठण्याचा धोका तसाही वाढलेला असतो, शिवाय मग पाळी कशाने बिघडलीय ते कुणालाच सांगता येत नाही. देव आपल्यावर रागवायचा नाही, घरातली माणसं रागावली तर बघून घेऊ.

बांबोळीला सरकारी इस्पितळात दाखवत असाल किंवा खाजगीत, सर्जरीचा डिस्चार्ज कागद स्त्रीरोगाच्या ओपीडीत बरोबर न्या. सर्जन पाळीचं विचारत नाहीत आणि स्त्रीरोगवाले पोटाचं विचारत नाहीत, दोन्हीकडे आपणच तोंड उघडायचं.

तुमचं शेवटचं हिमोग्लोबिन किती होतं ते लिहिलं नाहीत. ते आणि लोहाची गोळी चालू आहे का, एवढं सांगा.