सोनाटा आर्क्टिकाचा 'एक्लिप्टिका' खरंच इतका भारी आहे, की नुसती स्ट्रॅटोव्हेरियसची नक्कल?

तुम्ही लिहिलंय की पॉवर मेटल, म्हणजे हेवी मेटलचा वेगवान आणि सुरेल प्रकार, नुकतंच ऐकायला लागलात आणि सोनाटा आर्क्टिका या फिनिश बँडचा पहिला अल्बम 'एक्लिप्टिका' ऐकायचा विचार आहे, पण लोकांची मतं वाचून गोंधळ उडालाय. एक म्हणतो, या प्रकारात इतका चांगला पहिला अल्बम दुसरा नाही. दुसरा म्हणतो, फिनलंडच्याच स्ट्रॅटोव्हेरियस या आधीच्या बँडची स्वस्तातली कॉपी. त्यात 2014 साली हाच अल्बम बँडने पुन्हा रेकॉर्ड केलाय, मग दोन्हीतला कोणता ऐकायचा? मी हा अल्बम वीसेक वर्षं ऐकतोय आणि त्यावर मित्रांशी रात्र रात्र वाद घातलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर: ऐका, आणि 1999 चा मूळच ऐका. नकलेचा आरोप आवाजापुरता खरा आहे. गाणी मात्र त्यांची स्वतःची आहेत.

आवाजापुरता खरा का, ते माझ्याच अनुभवावरून सांगतो. आम्ही सांगलीला हॉस्टेलवर होतो तेव्हा मेटलची गाणी एमपीथ्रीच्या सीडीवरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरायची. सीडीवर मार्करने 'मेटल 4' एवढंच लिहिलेलं. आत गाण्यांची नावं कुणीतरी घाईत टाकलेली, अर्धी चुकीची. त्यात 'फुलमून' हे गाणं स्ट्रॅटोव्हेरियसच्या नावावर होतं, आणि दोन-तीन महिने आमच्यातल्या कुणालाही शंका आली नाही. तोच धावता डबल बास ड्रम (दोन्ही पायांनी भराभर वाजवलेला मोठा ड्रम), गिटार आणि कीबोर्डची तीच सवाल-जवाबासारखी जुगलबंदी, वरच्या पट्टीत तसाच स्वच्छ लागणारा आवाज. स्ट्रॅटोव्हेरियसचा 'व्हिजन्स' 1997 मध्ये आला होता आणि फिनलंडमध्ये या संगीताचा तो मापदंडच झाला होता. 'एक्लिप्टिका' त्यानंतर दोन वर्षांनी आला. 'ब्लँक फाइल' हे पहिलं गाणं लावा, अर्ध्या मिनिटात कळेल की ही पोरं काय ऐकून मोठी झाली. गायक आणि गीतकार टोनी काक्को याने तो प्रभाव कधी लपवलाही नाही.

पण एवढ्यावरून नक्कल म्हणायचं, तर आपल्याकडची निम्मी घराणी निकालात काढावी लागतील. कुमार गंधर्व लहान वयात रेकॉर्डवरचे मोठमोठे उस्ताद हुबेहूब गाऊन दाखवायचे, लोक थक्क व्हायचे. पुढे त्यांचं गाणं कुठे गेलं ते आपण जाणतो. गळा आधी कुणाच्या तरी मागून चालायला शिकतो. आणि ज्यांची नक्कल केली म्हणतात, त्या स्ट्रॅटोव्हेरियसनेच 2000 साली युरोपच्या दौऱ्यावर या पोरांना आपल्याबरोबर नेलं, सोबत इटलीचा रॅप्सडी हा बँड. मला तरी हे त्या आरोपाला दिलेलं बऱ्यापैकी चांगलं उत्तर वाटतं.

ही मंडळी कुठली तेही लक्षात घ्या. केमी हे बोथनियाच्या आखाताच्या अगदी वरच्या टोकाला, स्वीडनच्या सीमेजवळ वसलेलं छोटं गाव. त्या काळी कागदाच्या गिरण्या, बंदर, आणि हिवाळ्यात दरवर्षी बांधतात तो बर्फाचा किल्ला. बँडचं आधीचं नाव ट्रिकी बीन्स, मग ट्रिकी मीन्स, आणि तेव्हा ते पॉवर मेटल वाजवतही नव्हते. स्पाइनफार्म या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला तेव्हा नाव बदललं. सोनाटा संगीतासाठी, आर्क्टिका आपल्या उत्तरेच्या मुलखासाठी. अल्बम रेकॉर्ड झाला तोही गावातल्याच टिको टिको स्टुडिओत. तेव्हा काक्को 24 वर्षांचा होता, आणि गाण्याबरोबर कीबोर्डही तोच वाजवत होता. गिटारवर यानी लिमाटाइनन, ड्रमवर टॉमी पोर्टिमो, बासवर यान्ने किव्हिलाहती. चौघांनी मिळून केलेलं काम आहे.

आता गाण्यांकडे येतो, कारण माझा सगळा जीव तिथे आहे. पॉवर मेटल म्हटलं की तलवारी, ड्रॅगन, राज्य परत मिळवणारे वीर. 'एक्लिप्टिका'च्या गाण्यांत माणसं घरात आहेत. दाराशी आहेत. पत्र लिहीत बसलेली आहेत. 'रेप्लिका' घ्या. लढाई जिंकून एक सैनिक परत आलाय आणि दारापाशी उभा आहे. दुसऱ्या कुठल्या बँडने इथे विजयाचा कोरस लावला असता. इथे तो सैनिक सांगतो की आत काही उरलेलं नाही, जो परत आलाय तो स्वतःची प्रतिकृती आहे. गाण्याची लय मध्यम, अल्बममध्ये मध्येच श्वास घ्यायला थांबल्यासारखी, आणि कोरसला सूर वर चढतो तेव्हा त्यात जल्लोष नाही, हताशपणा आहे. ज्या घरात फौजेतला माणूस आहे त्या घरातल्या कुणाला हे गाणं ऐकवून बघा. मी एका मित्राला ऐकवलं होतं, त्याचे वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्याने संपल्यावर काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून लावलं.

'फुलमून' तर नावावरूनच कळतं, माणसाचा लांडगा होतो ती जुनी गोष्ट. पण सुरुवात ऐका. पियानो आणि एकटा आवाज, कोपऱ्यात बसलेला माणूस. त्याला स्वतःची भीती वाटतेय, कारण चंद्र वर येतोय आणि घरात बायको आहे. ती पळून जावी असं त्याला वाटतं. मग ड्रम सुटतात, आणि ते वेगाने धावणं नुसतं कौशल्य दाखवायला राहत नाही, गोष्टीतलाच वेग होतो. इथे डबल बास ड्रमला कारण आहे. हेच अनेक बँडना जमत नाही. वेग येतो, पण कशासाठी पळतोय ते कळत नाही.

'ब्लँक फाइल'ही असंच. 1999 साली, आपल्याकडे सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून इंटरनेट वापरत होते तेव्हा, हे गाणं आपली खासगी माहिती कोण कोण गोळा करतंय या धास्तीवर आहे. तलवारीच्या प्रदेशात हा विषय कुणी आणला असेल, मला तरी आठवत नाही.

उणिवा नाहीत असं नाही, आणि टीका करणारे त्या बरोबर दाखवतात. ध्वनिमुद्रण बारीक आहे, गिटारला वजन कमी, बास तर शोधावा लागतो. काक्कोचे इंग्रजी उच्चार फिनिश वळणाचे आणि शब्दरचना काही ठिकाणी अडखळते. सलग ऐकताना वेगवान गाणी एकमेकांत मिसळतात. 'पिक्चरिंग द पास्ट' मी आजही कधी कधी पुढे ढकलतो. शेवटचं 'डिस्ट्रक्शन प्रिव्हेंटर' सात मिनिटांच्या वर जातं आणि ते तितकं लांबवायची गरज होती का, यावर माझं आणि एका मित्राचं आजवर जमलेलं नाही. तो म्हणतो, तेच गाणं अल्बमचा कळस. असो.

मतं इतकी टोकाची का झाली, याचं खरं कारण मात्र या अल्बमच्या नंतर घडलेल्या गोष्टींत आहे. 'सायलेन्स' 2001 मध्ये, 'विंटरहार्ट्स गिल्ड' 2003 मध्ये, 'रेकनिंग नाइट' 2004 मध्ये. तोवर बहुतेक श्रोते एका बाजूला होते. 2007 मध्ये 'युनिया' आला आणि फूट पडली. लय संथ, रचना वाकड्यातिकड्या, कोरस पहिल्या ऐकण्यात हाती न लागणारे. काक्कोला स्ट्रॅटोव्हेरियसच्या वाटेवर चालायचं नव्हतं, त्याला स्वतःची वाट हवी होती. पण ज्यांनी 'फुलमून'वर माना डोलावल्या होत्या त्यांना आपलं घर कुणीतरी पाडल्यासारखं वाटलं. तेव्हापासून 'एक्लिप्टिका' हा बऱ्याच जणांसाठी अल्बम उरलाच नाही, तो तक्रार अर्ज झाला. प्रत्येक नव्या अल्बमच्या खाली तोच सूर: पुन्हा तसं का करत नाही? 2024 चा 'क्लिअर कोल्ड बियाँड' पुन्हा वेगाकडे वळला, तरी तुलना त्याच पहिल्या अल्बमशी. म्हणून एखादा दहापैकी दहा देतो तेव्हा त्यातले काही गुण 'युनिया'वरच्या रागाचे असतात, हे धरून चाला. आणि जो दोन देतो, तो बहुधा उलट्या क्रमाने आलाय. त्याने आधी बँडची नंतरची गुंतागुंतीची कामं ऐकली, मग मागे गेला, आणि त्याला हे कच्चं वाटलं. दोघांवरही माझा राग नाही. मी नशिबाने आधी हेच ऐकलं, तेही चुकीच्या नावाने.

आता 2014. पंधरा वर्षं झाली म्हणून 'एक्लिप्टिका रिव्हिजिटेड' या नावाने सगळा अल्बम पुन्हा वाजवला गेला, जपानमधल्या कंपनीच्या आग्रहावरून. जपानी श्रोत्यांनी या बँडवर पहिल्यापासून भरभरून प्रेम केलंय. मूळ चौघांतले तोवर दोघेच उरले होते, काक्को आणि पोर्टिमो. गिटारवर एलियास विल्यानन, कीबोर्डवर हेन्रिक क्लिंगेनबर्ग, बासवर पासी काउप्पिनन. ही मंडळी तयारीची आहेत, आवाज भरदार आहे, 1999 मध्ये जे ऐकू येत नव्हतं ते सगळं इथे ऐकू येतं. आणि तरी श्रोत्यांचं जवळपास एकमत झालं की काहीतरी हरवलं.

काय हरवलं ते मी एकदा हेडफोन लावून 'एट्थ कमांडमेंट' आणि 'माय लँड' दोन्ही आवृत्त्यांत एकापाठोपाठ ऐकून शोधलं. जुन्या आवृत्तीत काक्को वरचा सूर पकडतो तेव्हा तो सूर मिळेल याची त्यालाच खात्री नसावी असं ऐकू येतं. गळा ताणलेला, सूर टोकाला किंचित थरथरतो, आणि मिळतो. 2014 मध्ये तो 39 चा आहे, त्याला आपला आवाज कुठे थांबतो ते नेमकं माहीत आहे, आणि तो त्या आतच गातो. गाणं नीट होतं. पण 'माय लँड' हे मायभूमीतून हाकललेल्या माणसाचं गाणं आहे, त्याला तो थरथरता सूरच शोभतो.

तर ऐकायचं कसं? दहा गाणी आहेत, पाऊण तासाच्या आसपास. पहिल्यापासून सुरू करू नका, त्या वेगाची सवय नसेल तर तिसऱ्या गाण्यापर्यंत कान थकतील. 'रेप्लिका' आधी ऐका, मग 'फुलमून'. ती दोन्ही आवडली नाहीत तर अल्बम सोडून द्या, काही बिघडत नाही. आवडली तर 'फुलमून'च्या पुढेच 'लेटर टू डाना' आहे. एक माणूस गाव सोडून गेलेल्या मुलीला वर्षानुवर्षं पत्रं लिहितोय. तिचे वडील गेले, हे कळवतानाही तो लिहितो की दिवस मात्र सुंदर होता. त्या एका ओळीवर माझं प्रत्येक वेळी लक्ष थांबतं. हे गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. पुढच्या गाण्याचं नाव 'अनओपन्ड' आहे.