शेजारच्या द्राक्षबागेत डाऊनी (केवडा रोग), आपल्या बागेत डाग नाही: फवारायचे की थांबायचे?

प्रश्न (निफाड तालुका): द्राक्षाच्या गोडी छाटणीला (फळांसाठीची छाटणी) 35 दिवस झालेत. परवा रात्री पाऊस झाला. बांधापलीकडच्या बागेत डाऊनी आलाय, माझ्याकडे एकही डाग नाही. डाग दिसल्यावर फवारलं तर चालेल का? गंधक शिल्लक आहे, ते मारू का?

उत्तर: डागाची वाट बघू नका. पानावर तेलकट डाग उमटतो, तेव्हा लागण होऊन साधारण 5 ते 7 दिवस उलटलेले असतात. थंडीत आणखी जास्त. परवाच्या पावसात रोग शिरला असेल, तरी बाग आज वरून स्वच्छच दिसणार. म्हणून दिवस मोजायचे ते पान ओलं राहिलेल्या रात्रीपासून, डाग दिसल्यापासून नव्हे.

डाऊनीचे बीजाणू रात्री, अंधारात आणि भरपूर दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूला तयार होतात. सकाळच्या वाऱ्याबरोबर ते बांध ओलांडतात. नुसते येऊन पडले म्हणून रोग होत नाही. पान किंवा घड दोन-तीन तास ओला राहिला, तरच ते पाण्यात पोहत पर्णरंध्रातून आत शिरतात. त्याला पाऊसच लागतो असं नाही, जाड दवही पुरतं. शेजारचे बीजाणू तुम्ही अडवू शकत नाही, पण ओलावा लवकर सुकवणं तुमच्या हातात आहे. वांझ फुटी (घड नसलेल्या) आणि बगलफुटी (पानाच्या बगलेतून येणाऱ्या) आजच काढा. हवा खेळली की पान लवकर सुकतं आणि औषध घडापर्यंत पोहोचतं. दाट कॅनोपीत (पानांच्या पसाऱ्यात) भारी औषधही वाया जातं, कारण वरची पानं भिजतात आणि खालची बाजू कोरडीच राहते.

मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य औषध (पानाच्या वरच राहणारं) पावसाआधीच कामाचं. आत शिरलेल्या रोगाला ते गाठत नाही. तुमच्याकडे ओली रात्र होऊन गेलीय, म्हणून आंतरप्रवाही (पानात शिरणारं) आणि स्पर्शजन्य यांची जोडी घ्या, उदा. डायमेथोमॉर्फ आणि मॅन्कोझेब. मात्रा लेबलवरचीच. आंतरप्रवाही औषधाचा तोच गट लागोपाठ मारू नका, रोग त्याला दाद देईनासा होतो. निर्यातीची बाग असेल तर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत औषध आणि काढणीपूर्व अंतर (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) बघूनच निर्णय घ्या.

गंधक यावर चालत नाही. ते भुरीचं औषध, म्हणजे पानावर पांढरी भुकटी आणणाऱ्या वेगळ्या रोगाचं. डाऊनी करणारा जीव खरी बुरशीच नाही, त्यामुळे कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचाही उपयोग नाही.

डागाबद्दल शंका आली तर पान तोडून ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या नेमक्या खालच्या बाजूला पांढरी कापसासारखी वाढ दिसली, तर तो डाऊनीच. औषधाच्या चट्ट्यावर अशी वाढ येत नाही. पाहणी रोज करा. सुरुवात शेजारच्या बांधालगतच्या ओळींपासून आणि पाणी साचणाऱ्या सखल भागापासून.

फुलोरा आणि बारीक मणी हा सर्वांत नाजूक काळ, आणि तुमची बाग आता त्यातच शिरतेय. मणी वाटाण्याएवढे झाले की त्यांचा धोका बराच कमी होतो, पानांचा नाही. रोगट पानं, घड बांधावर टाकू नका, खड्ड्यात खोल पुरा. त्यातले जाड कवचाचे बीजाणू जमिनीत टिकतात आणि पुढच्या पावसात तिथूनच पहिली लागण होते. शेजाऱ्यांनाही हेच सांगा आणि जमलं तर दोघांनी एकाच दिवशी फवारा.